कुकटपल्ली, कुकर आणि खारदुंग ला

एप्रिल सरत आला की कुकटपल्लीत दोन गोष्टी वर चढतात: पारा आणि गाडीच्या टपावरचं सामान. पारा ४१-४२ ला थकतो. सामान थकत नाही. बॅगा चढतात, बॅगांवर ताडपत्री, ताडपत्रीवर दोरी आणि दोरीत खोचलेली छत्री. वॉचमन विचारतो, "एक्कडिकी, सार?" सार मान ताठ करून सांगतात, "लडाख. बाय रोड."

सगळं वजन ‘बाय रोड’वर. विमानाने लेहला जाऊन आलेल्याची आमच्याकडे कोणी दखल घेत नाही. बाय रोड निघालेल्याला मात्र लोक लिफ्टमध्ये सरकून जागा देतात, गाडीपुढे नारळ फोडतात आणि येताना जर्दाळू आणायला सांगतात.

केपीएचबी कॉलनी, निजामपेठ, मियापूर या पट्ट्यात मराठी घरं काही कमी नाहीत. नांदेड, लातूर, उदगीर, सोलापूर इकडून आलेली आणि हायटेक सिटीच्या पगारावर स्थिरावलेली. १९५६ पर्यंत मराठवाडा आणि हैदराबाद एकाच राज्यात होते, त्यामुळे या मंडळींना इथे परकं वाटत नाही. परकं वाटून घ्यायला ती सुट्टीत उत्तरेला जातात.

मोह पडण्यासारखंच आहे म्हणा. बोवेनपल्लीला जाऊन ४४ क्रमांकाचा महामार्ग धरला की थेट श्रीनगरपर्यंत नंबर बदलत नाही. कन्याकुमारीहून निघालेला रस्ता आपल्या घराजवळून काश्मीरला जातो, हे कळल्या दिवसापासून घरातल्या कर्त्या पुरुषाची झोप उडते. "एकच तर रस्ता आहे, सरळ जायचंय," तो म्हणतो. "आणि आई?" बायको विचारते. "आई मागे बसेल."

उत्तरेची मोहीम मराठी माणसाने सडेपणाने क्वचितच केली आहे. १७६० च्या फेब्रुवारीत सदाशिवरावभाऊंनी उदगीरला निजामाला नमवलं आणि पुढच्याच महिन्यात मराठवाड्यातल्या परतूरहून फौज उत्तरेकडे निघाली. बरोबर बायका, यात्रेकरू, आचारी, दुकानदार. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई होत्या. तरुण नाना फडणीस आईला आणि बायकोला घेऊन आले होते, मोहिमेबरोबर तीर्थयात्राही होईल म्हणून. लढणारे थोडे आणि बुणगे फार, असा तो लवाजमा. दाणावैरण संपली, अंगाला सवय नसलेली थंडी पडली, आणि १४ जानेवारी १७६१ ला जे झालं ते मराठी वाचकाला सांगायला नको. त्याला अडीचशेहून अधिक वर्षं झाली. हत्ती-घोडे जाऊन सात सीटची एसयूव्ही आली. बुणग्यांचं प्रमाण मात्र तेच.

सामानाची यादी ऐका. धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, शेजारच्या तेलुगू काकूंनी दिलेली आवकायची बरणी. विजेची किटली. प्रत्येकी दोन कानटोप्या, कारण पटणचेरूला डिसेंबरात पारा १० च्या खाली आला तेव्हा एक कमी पडली होती. मुठीएवढ्या पुरचुंडीत कापूर. आणि पाच लिटरचा कुकर.

या कुकरला सगळे हसतात. खरं तर अख्ख्या गाडीत विज्ञानाला धरून असलेली तेवढी एकच वस्तू. लेह साधारण ३,५०० मीटरवर आहे. तिथे पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात डाळ तासभर उड्या मारते आणि कच्चीच राहते. कुकर हवाच. कापराचं तसं नाही. कापराने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, ऑक्सिजन मिळत नाही. पण कापूर आजींच्या मालकीचा असल्यामुळे त्यावर चर्चा होत नाही आणि कुकर सुनेने घेतलेला असल्यामुळे त्यावर होते.

आता रजेचा हिशेब. आयटीतला माणूस दहा दिवसांची रजा मिळवतो, दोन शनिवार-रविवार जोडतो आणि चौदा दिवस उभे करतो. मुलांची शाळा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात उघडते, मनालीहून लेहला जाणारा रस्ता बर्फ उपसून मेमध्ये कधीतरी खुला होतो. म्हणजे खिडकी इवलीशी. हैदराबाद ते लेह साधारण अडीच हजार किलोमीटर. जायला पाच दिवस, यायला पाच. उरले चार. या चार दिवसांत खारदुंग ला, नुब्रा, पँगाँग, मॅग्नेटिक हिल, ‘रँचोची शाळा’ आणि सासूबाईंसाठी एक गोंपा. एक्सेलमध्ये हे सगळं बसतं. एक्सेलच्या त्याच तक्त्यात, ‘लेहला आराम’ या ओळीपुढे, ‘अर्धा दिवस’ असं लिहिलेलं असतं. या एका चौकटीसाठी आजचं सदर.

पण आधी रस्ता. निर्मल, आदिलाबाद ओलांडून पैनगंगा लागली की गाडीत एकदम मराठी अस्मिता जागी होते. पांढरकवड्याला चहा, हिंगणघाटला फोटो, नागपूरला मावशी. मावशीकडे रात्रीचं जेवण, सकाळचं जेवण आणि वाटेसाठी जेवण. पुढे पेंचच्या जंगलात वाघांना रस्ता ओलांडावा लागू नये म्हणून महामार्गच वर उचलला आहे. खालून प्राणी जातात, वरून आपण. आपल्या वाहतूक खात्याने इतका विचार कुकटपल्लीच्या पादचाऱ्यांचा केल्याचं ऐकिवात नाही.

दिल्ली टाकली की मुरथल. मुरथलला पराठा खाल्ला नाही तर त्या माणसाला घरी परत घेत नाहीत, त्यामुळे तिथे एक तास. त्यानंतर पानिपत. पानिपतात महामार्ग गावावरून उड्डाणपुलाने जातो. पंधरा मिनिटांत गाव संपतं. काला आंबचं स्मारक थोडं आत आहे, तिकडे वळायला एक्सेलमध्ये रकाना नाही. कर्ता पुरुष स्टिअरिंगवरून एक हात उचलून काचेतून नमस्कार करतो. आजी विचारतात, "इथंच का रे ते?" "हो, इथंच." मुलं कानात इअरफोन घालून बसलेली असतात. ज्यांच्या पराभवावर आपण पिढ्यान्‌पिढ्या हळहळलो, त्यांना आपण लोण्याच्या पराठ्यापेक्षा कमी वेळ देतो.

मनालीपर्यंत टीजी नंबरप्लेटचं कौतुक होतं. तेलंगणाने २०२४ मध्ये टीएसचं टीजी केलं, ते हिमाचलच्या हवालदाराला ठाऊक नसतं. "ये कहाँ की गाड़ी है?" हैदराबाद म्हटलं की त्याचा पुढचा प्रश्न बिर्याणीचा. इथवर मोहीम छान चालते.

मग अटल बोगदा. ९.०२ किलोमीटर, ३ ऑक्टोबर २०२० ला उद्घाटन. पूर्वी रोहतांगला अर्धा दिवस मोडायचा, आता दहा-बारा मिनिटांत पलीकडे. बोगदा सुरू होऊन तीन महिनेही झाले नव्हते तोच आत गाड्या थांबवून नाचणाऱ्या पर्यटकांना पोलिसांनी पकडलं होतं. माणसाने डोंगर पोखरला आणि आत जाऊन वरात काढली.

बोगद्यापलीकडे तांदी. तिथल्या पेट्रोल पंपाची पाटी प्रसिद्ध आहे: पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. ही पाटी वाचून सगळ्यांचे चेहरे गंभीर होतात आणि गंभीर चेहऱ्यांचा सेल्फी निघतो. पुढे बर्फ वितळून रस्त्यावर वाहणारे नाले. सकाळी पाणी कमी, दुपारी ऊन चढलं की नाला फुगतो. म्हणून ड्रायव्हर मंडळी पहाटे निघतात. आपला माणूस नाश्त्याचं आटपून अकराला निघतो आणि छातीठोकपणे म्हणतो, "अरे, आपण कुकटपल्लीचे, आपल्याला नाल्याचं काय सांगता?" मुद्दा बिनतोड आहे. कुकटपल्ली नाला हुसेनसागरात काय काय घेऊन जातो ते रोज पाहणाऱ्याला बर्फाच्या स्वच्छ पाण्याची भीती वाटू नये. फक्त आपल्या नाल्यातले गोटे टायरखालून सरकत नाहीत.

आणि मग रात्र. या रस्त्यावर घात होतो तो रात्री, दिवसा नव्हे.

हैदराबाद साधारण साडेपाचशे मीटरवर आहे. मनाली दोन हजारांच्या थोडं वर. मनालीहून निघालेलं कुटुंब त्याच दिवशी ४,८०० मीटरच्याही वरचा बारालाचा ला ओलांडतं आणि सरचूच्या तंबूत मुक्काम करतं. सरचू सुमारे ४,३०० मीटर. डोंगरातल्या डॉक्टरांचा साधा नियम आहे: तीन हजार मीटरच्या पुढे झोपण्याची जागा एका दिवसात पाचशे मीटरहून जास्त वर न्यायची नाही. आमच्या कुटुंबाने एका दिवसात बावीसशे मीटर नेली. कारण तिथल्या तंबूचं बुकिंग नॉन-रिफंडेबल होतं.

रात्री डोकं फुटायला लागतं, मळमळतं, झोप लागत नाही. कर्ता पुरुष म्हणतो, पराठा बाधला. आजी म्हणतात, नजर लागली. कापराची पुरचुंडी या नाकाकडून त्या नाकाकडे फिरते. मुलगी गुगल करायला जाते तर प्रीपेड सिम मुकं. लडाख आणि जम्मू-काश्मीरमध्ये बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड चालत नाही, पोस्टपेडच लागतं, हे तिने नागपूरपासून सांगितलं होतं. पण मुलीचं ऐकायची प्रथा मोहिमेत नसते.

याला उंचीचा आजार म्हणतात आणि तो पैलवानालाही होतो. हवेचा दाब कमी, म्हणून प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी. लेहमध्ये तो समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश, खारदुंग लाला निम्म्याच्या आसपास. शरीर जुळवून घेतं, पण त्याला दिवस लागतात. जुळवून घ्यायला वेळ न देता आणखी वर गेलं तर काहींच्या फुप्फुसांत पाणी भरतं, काहींच्या मेंदूला सूज येते. त्यावर उपाय एकच, ताबडतोब खाली उतरणं. ऑक्सिजनचा डबा काही मिनिटं पुरतो. डायमॉक्सची गोळी असते, पण ती डॉक्टरला विचारून घ्यायची असते. सल्फाची ॲलर्जी असलेल्याने तर विचारल्याशिवाय हातच लावायचा नसतो. आमच्याकडे ती मित्राच्या मेव्हण्याला विचारून घेतात.

आजींचा यावर एक युक्तिवाद असतो आणि तो ऐकण्यासारखा आहे. "मी केदारनाथ केलंय, मला काही होत नाही." केदारनाथ ३,५८३ मीटर, म्हणजे लेहहून थोडं उंचच. पण आजी तिथे हेलिकॉप्टरने गेल्या, दर्शन घेतलं, आणि रात्री झोपायला खाली होत्या. वर जाणं आणि वर झोपणं यात फरक आहे.

श्रीनगरकडून आलं तर चढ जरा माणुसकीने येतो. सोनमर्ग, साडेतीन हजार मीटरचा झोजी ला, द्रास आणि मग रात्री कारगिल. कारगिल पुन्हा २,७०० मीटरच्या आतबाहेर, म्हणजे झोप लागते. झोजी लाखालून तेरा किलोमीटरहून लांब बोगदा खोदला जातोय आणि तो खोदणारी मेघा इंजिनिअरिंग ही कंपनी कुठली? बाळानगरची. आपल्या कुकटपल्लीच्या शेजारची. तेव्हा द्रासच्या चहाच्या टपरीवर आपला माणूस टनेलकडे बोट दाखवून "आमच्या एरियाचे लोक" असं सांगत असेल तर ते खोटं नाही. फरक एवढाच की ते लोक तिथे वर्षानुवर्षं थांबलेत.

असो. लेह आलं. अर्धा दिवस आराम. त्या अर्ध्या दिवसात बाजार, शांतीस्तूप, जर्दाळू आणि ‘इथे साउथ इंडियन कुठे मिळेल’ याचा शोध. सकाळी खारदुंग ला.

खारदुंग लाची पाटी बघा. जगातला सर्वांत उंच मोटररस्ता, उंची १८,३८० फूट, असं तिथे वर्षानुवर्षं लिहिलेलं होतं. मोजणाऱ्यांनी जीपीएसने मोजलं तर १७,५८२ फूट भरले. शिवाय सीमा रस्ते संघटनेनेच पुढे उमलिंग लाचा रस्ता बांधला, १९,०२४ फुटांवर, आणि २०२१ मध्ये गिनीजचं प्रमाणपत्र घेतलं. तरी खारदुंग लाला रांग कसली असते? चहाची नाही, शौचालयाचीही नाही. पाटीबरोबर फोटो काढण्याची. अडीच हजार किलोमीटर गाडी हाकायची, पाटी जे सांगते ते खरं नाही हे माहीत असायचं आणि तरी त्या पाटीला खेटून उभं राहायचं. दहा-पंधरा मिनिटांत उतरा, असं सगळे सांगतात. रांगच अर्ध्या तासाची असते. आजी गाडीत बसून असतात, खिडकी अर्धी उघडी, ओठ निळसर. "थंडीने," मुलगा म्हणतो.

मॅग्नेटिक हिलला गाडी न्यूट्रलमध्ये टाकून ती आपोआप चढ चढते का ते पाहायचं. तो दृष्टिभ्रम आहे, चढ वाटतो तो उतार असतो. इंजिनिअर जावई हे समजावून सांगतो आणि मग त्याचाच व्हिडिओ काढतो, ‘चुंबकीय शक्ती’ असं शीर्षक देऊन.

पँगाँग. ‘थ्री इडियट्स’ २००९ चा. तळं काही लाख वर्षांचं असेल, पण काठावरचं दुकान सिनेमाचं: पिवळी स्कूटर, बसायच्या अवयवाच्या आकाराची स्टुलं, पैसे द्या, बसा, फोटो काढा. आता आपल्यासाठी आणखी एक ठिकाण झालंय. २६ डिसेंबर २०२४ ला लष्कराने तिथे, १४,३०० फुटांवर, शिवाजी महाराजांचा ३० फुटी पुतळा उभारला. मराठी गाडी तिथे थांबतेच, आणि थांबावीच. घोषणा होते, डोळे पाणावतात. चुशूलचे पर्वतीय परिषद सदस्य कोन्चोक स्टॅन्झिन यांनी तेव्हा विचारलं होतं की इथल्या लोकांना, इथल्या निसर्गाला विचारून हे केलं का? प्रश्न पुतळ्याच्या मानाचा नव्हता, न विचारण्याचा होता. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, ही ज्यांची ख्याती, त्यांच्या माणसांना तो प्रश्न सगळ्यांत आधी कळायला हवा होता. आपण त्या गृहस्थांना शिव्या घातल्या.

लडाखमध्ये लडाखी राहतात, ही गोष्ट आमच्या प्रवासात फार उशिरा लक्षात येते. गेस्ट हाउसवाली बाई सांगते, पाणी जपून वापरा, इथे पाऊस नाही, बर्फ वितळेल तेवढंच पाणी. आपण सहा जण दोनदा आंघोळ करतो, कारण ‘गिझरचे पैसे दिलेत’. २४ सप्टेंबर २०२५ ला लेहमध्ये राज्याच्या दर्जासाठी आणि सहाव्या अनुसूचीसाठीच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात चार माणसं गेली. त्या आठवड्यात आमच्याकडे पार्किंगमध्ये चर्चा काय होती? बुकिंगचे पैसे परत मिळतील का.

आणि परतीचा प्रवास? त्याबद्दल कोणी बोलत नाही. परतताना गाडीत कोणी कोणाशी बोलत नाही, हेही कारण असेल.

म्हणून कुकटपल्लीतल्या तमाम मोहीमवाल्यांना सांगणं एवढंच. बाय रोड जायचं तर तीन आठवड्यांची रजा टाका, श्रीनगरकडून चढा, कारगिलला झोपा आणि लेहला पोचल्यावर दोन पूर्ण दिवस काहीही करू नका. पाटी नाही, तळं नाही, बाजारही नाही. विमानाने गेलात तर हे दोन दिवस जास्तच गरजेचे, कारण तेव्हा शरीराला चढ कळलेलाच नसतो. तेवढी रजा मिळत नसेल तर विकाराबादजवळ अनंतगिरी आहे. शनिवारी जाऊन रविवारी परत येता येतं आणि डाळही शिजते. आणि काहीही ठरवण्याआधी आजींना एकदा विचारा. बऱ्याच घरांत त्यांना पंढरपूरला जायचं असतं. कुकटपल्लीतून जाणारा ६५ क्रमांकाचा महामार्ग सरळ सोलापूरला नेतो, तिथून पंढरपूर दीड-दोन तास. एका दिवसाची रजा पुरेल.